मरतो तो केडगावात

गोकुळ ड्रायव्हरच्या कंपनी-बसमध्ये पिक्चर सुरू व्हायचा पहाटे सव्वापाचला, केडगाव स्टेशनच्या चौकात. पिक्चर ठरलेल्या वाणाचा. एक माणूस, त्याला एकाच पोरीचं लागलेलं वेड, आणि ते वेड आता कुणाचा तरी जीव घेणार. गोकुळच्या पेनड्राइव्हमध्ये असे सदतीस होते, बहुतेक दक्षिणेतून हिंदीत आलेले. कौटुंबिक लावला की बस झोपते, कॉमेडी लावली की मागची पोरं स्वतःच कॉमेडी करायला लागतात, आणि देवाचा लावला की पाय खाली ठेवायचे का वर हा प्रश्न पडतो, असं त्याचं म्हणणं. वेड्या प्रेमाचा पिक्चर मात्र सगळ्यांना रांजणगावच्या गेटपर्यंत जागं ठेवायचा.

रासकरवाडीचा फाटा यायचा सहाला. तोवर पिक्चरमधल्या माणसाला वेड लागून गेलेलं असायचं. का लागलं, ते फक्त केडगाव-चौफुल्याच्या लोकांना ठाऊक. वाडीची माणसं चढायची ती थेट पाठलागात. चाळीस मिनिटं पाठलाग बघून सकाळी उतरायचं, दुपारी साडेतीनला सुटलं की उरलेला पाठलाग बघत वाडीला उतरायचं. त्या माणसाला पोलीस धरतात, पोरगी मारते की तो कड्यावरून पडतो, हे सगळं वाडीच्या पुढं व्हायचं. म्हणजे वाडीच्या लोकांनी सदतीस पिक्चर बघितले, पण फक्त मधले भाग. एकदा कुणीतरी उतरता उतरता विचारलं, "मामा, ह्यो मरतो का शेवटी?"

"मरतो की," गोकुळ म्हणाला. "पण केडगावात."

नीलम ह्या वाडीची. कोंडिबा रासकरांची थोरली, वय तेवीस, शिरूरच्या आयटीआयची. कोंडिबांचा झेंडूचा मळा, तीन पिढ्या फुलांत गेलेल्या. नीलम मात्र गाडीच्या वायरींची जुडगी बांधायच्या लाईनवर होती आणि तिची बोटं अशी चालायची की सुपरवायझर नव्या पोरांना तिच्या मागं उभं करून म्हणायचा, बघा आणि लाजा. दोन वर्षांचं ट्रेनिंग ऑगस्टात संपणार होतं. चाळीस जणांतून आठ जणांना पर्मनंटचं लेटर मिळणार होतं. त्या आठांत आपण असायचं, एवढं एकच तिला पाहिजे होतं. पाहुण्यांकडून आलेली दोन स्थळं तिनं ह्या एका लेटरच्या नावावर अडवून धरली होती.

कोंडिबांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. "जा कंपनीत. पण तुझं नाव फाट्यावरच्या टपरीवर निघालं, की त्या दिवसापासनं जाणं बंद. चूक तुझी का दुसऱ्याची, ते मी इचारायला बसणार न्हाई."

"व्हय आप्पा," ती म्हणाली होती. तेव्हा सोपं वाटलं होतं.

बसमध्ये तिच्या शेजारी नकुशीमावशी बसायची. कंपनीत झाडलोट करायची, जीभ मात्र मॅनेजरच्या पगाराची. पिक्चरवर तिची टीका चालूच असायची. "पहिल्यांदा मागं आला तवाच त्या पोरीनं चप्पल काढली आस्ती तर धा मिन्टात पिक्चर संपला आस्ता."

"मग मावशी, मी रांजणगावपर्यंत काय दाखवू? तुमचं तोंड?" गोकुळ आरशातून विचारायचा.

"त्याचं तिकीट परवडायचं न्हाई तुला."

बाप्यांचं मत वेगळं होतं. तो माणूस पोरीच्या घरासमोर तीन दिवस उपाशी उभा राहिला की मागून कुणीतरी सुस्कारा टाकायचा, "प्रेम करावं तर असं." स्वतःच्या बायकोला दवाखान्यात न्यायला अर्धी सुट्टी न टाकणारी माणसं ही. पण पडद्यावरच्या उपाशाची त्यांना फार कीव यायची.

खोटं कशाला बोला, नीलमलाही यायची. फेब्रुवारीत एका सकाळी पडद्यावरच्या माणसानं, पोरीनं फोन उचलला नाही म्हणून, स्वतःचा तळहात गॅसच्या जाळावर धरला. बस गप्प झाली. त्या गप्पपणात नीलमच्या तोंडून एक शब्द निसटला. "बिचारा."

तीन सीट पुढं बसलेल्या रविराजनं मागं वळून बघितलं.

रविराज शेजारच्या वस्तीवरचा, फाट्याच्या आधीच्या थांब्यावर चढणारा. घरी वीस एकर बागायत, चुलता सोसायटीचा चेअरमन. नोकरीची गरज नव्हती. पण लग्नाच्या बाजारात नुसत्या शेतीला हल्ली कुणी विचारत नाही, म्हणून बापानं कंपनीच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या खात्यात चिकटवला होता. तोवर त्याला नीलमचं नावही नीट माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तिची जागा धरून ठेवणं सुरू झालं. मग तिच्या मागच्याच सीटवर बसणं. मग कॅन्टीनमध्ये समोरच्या बाकावर, न जेवता, नुसतं बघत. मग मेसेज. नंबर कुठून मिळाला, तर फाट्यावरच्या रिचार्जवाल्याकडून, चहाच्या बदल्यात. पहिला मेसेज एका शब्दाचा होता, 'जेवलीस?' अशानं सुरुवात झाली की माणूस सावध होत नाही. तिनं उत्तर दिलं नाही. दिवसाला चाळीस आले, तेव्हा नंबर ब्लॉक केला. मग दुसऱ्या नंबरावरून.

बस हे सगळं बघत होती. बसला आता दोन पडदे झाले, एक गोकुळच्या डोक्यावर आणि एक मधल्या सीटांवर. नीलम चढली की मागून हळूच, "हिरोईन आली." कुणी वाईट हेतूनं म्हणत नव्हतं. तेच तर वाईट होतं.

"शिरूरला जाऊन पोलिसात सांग," मावशी म्हणाली.

"लेटरच्या आधी पोलीस व्हेरिफिकेशन असतंय मावशी. माझं नाव तिथं कागदावर आलं, तक्रार करणारी म्हणून का होईना, तर एचआरवाले काय म्हणतील? नको ती भानगड. आन् आप्पांना कळलं तर त्याच दिवशी घरी."

"मग मी हाणते त्याला झाडूनं."

"मग तुमचं कंत्राट जाईल."

मावशीनं पदर तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं. पिक्चर सोडून ती झोपली म्हणजे मामला खरंच अवघड होता. नीलमनं हिशोब केला, ऑगस्टपर्यंत सहा महिने. सहा महिने खाली मान घालून काढायचे. वायरी मोजतो तसे दिवस मोजायचे.

कंपनीच्या गेटवर एक मोठा बोर्ड होता. 'अपघाताविना दिवस', आणि खाली लाल आकडा. पाचशे दिवस झाले की प्रत्येक कामगाराला पाच लिटरचा कुकर मिळणार, असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं. आकडा रोज वाढायचा आणि आत जाताना आठशे माणसं त्याच्याकडं देवाकडं बघावं तशी बघायची. बायकांनी कुकरच्या शिट्ट्याही मोजून टाकल्या होत्या.

जूनमध्ये आकडा चारशे बारा असताना रविराजनं मोल्डिंग मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं झाकण, वर करून प्लास्टिक वितळवणाऱ्या तापलेल्या बॅरलवर डावा तळहात टेकवला. टेकवला आणि ठेवला. शेजारच्या मशीनवरच्या बिहारी पोरानं ओढून काढला म्हणून बोटं राहिली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर शून्य. चौथ्या दिवशी हा पांढऱ्या बँडेजचा हात घेऊन बसमध्ये, नीलमच्या शेजारी येऊन उभा.

"बघितलास बोर्ड?" तो म्हणाला. आवाज मऊ, लोण्यासारखा. "तुझ्यासाठी झिरो केला. आता तरी बिचारा म्हणशील ना?"

पडद्यावरच्या माणसाचा तळहात भाजला तेव्हा नीलमला वाईट वाटलं होतं, कारण त्याचा वास येत नव्हता. ह्या बँडेजला मलमाचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी वास येत होता.

चौकशी झाली. मशीनचं गार्ड वर करून चालवू दिलं, ही गोष्ट कागदावर आली असती तर कंपनीच्या अंगाशी आलं असतं, म्हणून कागदावर 'कामगाराचा तोल गेला' एवढंच आलं. एका अर्थी खरंच होतं ते. रविराजला त्या तीन दिवसांची पगारी रजा आणि पुढं हलकं काम मिळालं. नीलमला एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या दोघांचं नक्की काय आहे?"

"आमचं दोघांचं काही नाहीये मॅडम. जे आहे ते त्याचं एकट्याचं आहे."

"हो, पण असं बघ, टाळी एका हातानं वाजत नाही."

त्याचा एकच हात धड होता, आणि तरी वाजतच होती. पण हे तिला त्या वेळी सुचलं नाही. अशी उत्तरं सुचतात ती बसमध्ये.

प्लांटमध्ये लोक चिडले. आणि कुणावर, तर नीलमवर. पॅकिंगमधल्या एकीनं तोंडावर सांगितलं, "बाई, एकदा नीट बोलली असतीस त्याच्याशी तर काय झालं असतं? अठ्ठ्याऐंशी दिवस राहिले होते. घरचा कुकर माझा फुटलाय." आठशे कुकरांचं पाप एका पोरीच्या डोक्यावर आलं.

बावीस जुलैला तिचा वाढदिवस. सकाळी ती फाट्यावर आली आणि जागीच थांबली. पिंपळाच्या समोर दहा बाय पंधराचा फ्लेक्स उभा होता. आमच्याकडं वाढदिवसाला फ्लेक्स लागणं म्हणजे माणूस जन्मल्याचा पुरावा. कुत्र्यांचे लागलेत, बैलांचे लागलेत. पण पोरीचा, तोही परक्या पोरानं, हे पहिल्यांदाच. वर डाव्या बाजूला भैरवनाथ. उजव्या बाजूला हात जोडलेले इंद्रजीतदादा, पंचायत समितीचे भावी. 'भावी' हा आमच्याकडं हुद्दाच आहे. मधोमध नीलम, कंपनीतल्या खंडेनवमीच्या पूजेच्या ग्रुप फोटोतून कापलेली, डोळे अर्धे मिटलेले. खाली काळा गॉगल आणि बँडेजचा हात छातीवर धरलेला रविराज. आणि अक्षरं, 'फक्त तुझाच'.

इंद्रजीतदादांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. शिरूरच्या फ्लेक्सवाल्याकडं दादांचे नऊ फोटो कायमचे साठवलेले होते, हात जोडलेला, हात वर केलेला, फोनवर बोलणारा. मागेल त्याच्या फ्लेक्सवर तो एक टाकून द्यायचा. टाकला नाही तर दादांची माणसं विचारायला येतात, एवढा त्याला अनुभव होता.

आणि इथंच गोम होती. तो फ्लेक्स काढणार कोण? नीलमनं ग्रामपंचायतीच्या शिपायाला, जालिंदरला, गाठलं.

"काढा की हो तेवढा."

"ताई, वर देव हाय. देवाला खाली वढू?"

"देवाला नीट घडी घालून देवळात ठेवा."

"आन् दादांना? दादांची घडी कोण घालणार?" जालिंदर डोकं खाजवत म्हणाला. "उन्हानं जाईल की आपोआप. दोन म्हैन्यात कुणी वळखणारबी न्हाई तुम्हाला."

तिनं दादांना तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा दादा मीटिंगमध्ये. चौथ्या दिवशी, कंपनीच्या सुट्टीच्या रविवारी, टपरीवर कोंडिबा चहाला थांबले, तर सगळी टपरी एकदम पावसापाण्याचं बोलायला लागली. कोंडिबा चहा तसाच ठेवून घरी आले. नीलमच्या आईला म्हणाले, "तिला सांग. उद्यापासनं बंद."

लेटरला अठरा दिवस राहिले होते.

नीलमनं त्याच दुपारी मळ्यातलं खुरपं उचललं, शेडमधली शिडी घेतली आणि फाट्यावर गेली. चोरून नाही. दुपारी दोनला, टपरी भरलेली असताना. शिडी लावली, देवाला नमस्कार केला आणि फ्लेक्समधून फक्त स्वतःला कापून काढलं. वायरीचं आवरण सोलावं तितकं नीट. देवाला धक्का नाही, दादांना नाही, रविराजच्या गॉगललासुद्धा नाही. स्वतःची गुंडाळी करून काखेत मारली आणि शिडी घेऊन घरी आली. टपरीवरचा एकही माणूस उठला नाही. त्यातल्या चौघांनी व्हिडिओ मात्र काढला.

चूक झाली ती वाऱ्याची. आषाढातला वारा, त्याला मधोमध भोक मिळालं. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स दोन्ही बाजूंनी उसवला, भैरवनाथ कसेबसे वर राहिले आणि इंद्रजीतदादा फ्लेक्सच्या एका कोपऱ्यावर, हात जोडलेले, उलटे लोंबायला लागले. त्याचा फोटो तालुकाभर फिरला.

तीन वेळा मीटिंगमध्ये असलेले दादा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वाडीच्या देवळात हजर.

पिक्चरमध्ये अशा वेळी चाकू निघतो. इथं चहा निघाला. एका बाजूला दादा आणि रविराजचा चेअरमन चुलता, दुसऱ्या बाजूला कोंडिबा, खांबाला टेकून नीलम, आणि मधोमध रविराज, तळहात आकाशाकडं करून मांडीवर ठेवलेला. येणारा प्रत्येक म्हातारा आधी त्या हाताकडं बघायचा आणि चुकचुकायचा.

"फ्लेक्स काढायचा होता तर मला एक फोन करायचा," दादा म्हणाले.

"तीन केले," नीलम म्हणाली.

दादांनी पीएकडं बघितलं, पीएनं भैरवनाथाकडं.

"आसू दे. पण गावाचा देव, गावाची माणसं, ह्यांची इटंबना झाली. इरोधक हसायला लागले."

"दादा, मी फक्त मला कापलं. माझाच फोटो होता, मला न विचारता लावलेला."

"मी कधी तिला हात तरी लावला का?" रविराज मध्येच बोलला. डोळ्यांत पाणी, खरंखुरं. "इचारा तिला. कधी वाकडा शब्द बोललो का? माझा हात गेला तरी मी तिचं नाव घेतलं न्हाई कंपनीत. मी वाट बघीन. पाच वर्षं, धा वर्षं. मी कुठं जात न्हाई."

देऊळ गप्प झालं. अशाच गप्पपणात नीलमनं फेब्रुवारीत तो शब्द उच्चारला होता, आणि आता तोच शब्द तिला चारी बाजूंच्या तोंडांवर दिसत होता. 'मी कुठं जात न्हाई' ऐकून ती खांबाच्या मागं सरकली. बाकीच्यांना ते वचन वाटलं.

"पोरगं मनाचं साफ हाय," एक म्हातारा म्हणाला.

निकाल लागला. रविराजनं पुन्हा फ्लेक्स लावताना ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. नीलमनं देवापुढं नारळ फोडून चूक कबूल करावी. दादा म्हणाले, "प्रेम करणं काय गुन्हा न्हाई. पण शिस्तीत."

नीलमनं नारळ घेतला. "देवापुढं फोडते. वारा सुटला त्याबद्दल," ती म्हणाली. फोडला, आणि कुणाकडं न बघता घरी गेली. मागं कोंडिबा बसून राहिले. तीन पिढ्यांच्या फुलांत त्यांनी असा दिवस बघितला नव्हता. माफी मागायला त्यांची पोरगी उभी होती आणि पाणी विचारलं जात होतं दुसऱ्याला. त्यांना ते कळलं. पण कळून करायचं काय, हे कळलं नाही.

आजारपणाची रजा टाकून ती घरीच बसली होती, तरी लेटर आलं. आठांत तिचं नाव तिसरं होतं. सात दिवसांत सही करून हजर व्हायचं. सहा दिवस कोंडिबा ते लेटर भिंतीतल्या देवळीत ठेवून त्याच्याकडं पाठ करून जेवले. सातव्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीला किक मारली. "बस मागं. बसनं जायचं न्हाई. मी सोडीन, मी आणीन. लगीन होईस्तोवर."

मग ते सुरू झालं. रोज सकाळी बाप पुढं, लेक मागं, मध्ये डब्याची पिशवी. शिफ्ट सुटेपर्यंत घरी जाऊन परत येणं परवडत नव्हतं, म्हणून कोंडिबा गेटसमोरच्या कडुनिंबाखाली साडेतीनपर्यंत बसायचे. वॉचमननं आठवड्यानं खुर्ची दिली. पोरं विचारायची, "आप्पा, तुम्हीबी पर्मनंट का?" बस गेटात शिरताना रविराज नीलमच्याच जुन्या खिडकीत बसलेला असायचा आणि खाली वाकून कोंडिबांना नमस्कार करायचा. सासऱ्याला करावा तसा. कोंडिबा दुसरीकडं बघायचे.

नीलमला वाटायचं, नोकरी तर राहिली. दुपारच्या सुट्टीत कंपाउंडच्या जाळीतून कडुनिंबाखालचा बाप दिसायचा, आणि वाटायचं, आपण कंपनीत येतो की जेलमध्ये, आणि ह्या दोघांतला कैदी नक्की कोण? सप्टेंबरात पहिली पर्मनंटची पगाराची स्लिप तिनं आईच्या हातात दिली. आईनं उलटी धरून बघितली आणि म्हणाली, "छान हाय."

ऑक्टोबर लागला. दसरा जवळ आला, आणि मळा पिवळाधमक झाला. तोडणीला बाया मिळेनात, मार्केटला गाडी वेळेवर गेली नाही तर फूल मऊ पडतं. कोंडिबा दोन दिवस कडुनिंबाखाली बसून फोनवरून तोडणी करत होते आणि दोन्ही दिवस माल उशिरा गेला. पुण्याला झेंडूचा दर रोज वर चढत होता. जसा तो चढला, तशी घराण्याची अब्रू हळूहळू उतरायला लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रेट रचता रचता, लेकीकडं न बघता, ते म्हणाले, "उद्या बसनं जा."

"बसनं?"

"मग काय करू? फुलं थांबत्यात का?" आणि मग पुढचा क्रेट वर चढवून, "आता काय न्हाई व्हायचं. मिटलंय की ते."

"आप्पा, ते कुणी मिटवलं?"

कोंडिबांनी क्रेट उचलला.

सकाळी सहाला नीलम फाट्यावर उभी राहिली. बस आली. दार उघडलं, आणि पडद्यावरचा आवाज बाहेर आला, कुणीतरी कुणाच्या तरी मागं पळत होतं. "हिरोईन आली," मागून कुणीतरी म्हणालं, जुन्या सवयीनं, आनंदानंच. रविराज खिडकीतून बाजूला सरकला आणि उरलेल्या जागेवर त्यानं भाजलेला हात ठेवला. कातडी गुलाबी आणि तुकतुकीत झाली होती. त्यानं ती जागा दोनदा थोपटली.

बाकी सगळ्या सीट भरलेल्या. नकुशीमावशीचं कंत्राट गेल्याच महिन्यात बदललं होतं, तिच्या जागी कामाला लागलेली नवी पोरगी पुढच्या सीटवर कानात वायर घालून झोपली होती. गोकुळनं आरशातून बघितलं आणि लगेच रस्त्याकडं बघितलं.

नीलम पुढं गेली, इंजिनच्या गरम झाकणाशेजारचा दांडा धरला आणि पाठ बसकडं केली. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, जागा हाय की. बसून घे. किती दिवस राग धरायचा?"

"रांजणगावपर्यंत," ती म्हणाली.

चाळीस मिनिटं ती तशीच उभी राहिली. त्या दिवशी दोनशे बारा जुडग्या बांधल्या, लाईनवर सगळ्यात जास्त. साडेतीनला सुटली तेव्हा पाय भरून आले होते, आणि गेटबाहेर कडुनिंबाखाली फक्त खुर्ची होती. बस दार उघडून तिची वाट बघत होती.